दाराबाहेरचे आसन

मी एक बैठे लाकडी स्टूल बोलत आहे. संतांना लहानपण देवाकडे मागावे लागते. मला ते कारखान्यातच लाभले.

माझ्या स्वामिनी ताई मानसिक आरोग्याच्या तातडीच्या पथकात मदतनीस आहेत. कोणाचे मन एकाएकी ढासळले की हे पथक घरी धावून जाते. दुःखी माणसापुढे उभे राहून बोलू नये, त्याच्याहून खाली बसावे, हा ताईंचा नेम. म्हणून मी सदैव त्यांच्या पिशवीत. "जेवलात का? झोप लागली का?" असे जगाला विचारीत हिंडणाऱ्या या माउलीचा स्वतःचा डबा मात्र न उघडताच घरी परततो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरे काय!

मध्यंतरी आम्ही एका वृद्ध सुतारकाकांकडे गेलो. पत्नी गेल्यापासून त्यांचे जगण्यावरचे मन उडाले होते. "आता पुरे झालं," असे लेकीला सांगून त्यांनी आतून कडी लावली होती. खिडकीतून ते पलंगावर बसलेले तेवढे दिसत.

"दुपारी डॉक्टर येतील. तोवर काका बाहेर आले नाहीत, तर दार फोडून इस्पितळात न्यावं लागेल," ताई हळूच म्हणाल्या.

"बळानं नेलंत तर बाबा माझ्याशी जन्मात बोलायचे नाहीत हो!" लेक रडू लागली.

ताईंनी मला दाराशी मांडले आणि निरूपण आरंभिले. हवापाणी झाले, बागेतली फुले झाली. दाराने मौनव्रत सोडले नाही. मग त्या स्वतःच डोळे मिटून, मागेपुढे झुलत, "श्वास घ्या काका, सोडा काका," असे सांगू लागल्या. त्यांच्या प्रत्येक श्वासागणिक माझे पाय कुरकुरत.

"ओ बाई!" आतून आवाज आला.

ताई हरखल्या. "बोला ना काका! मनातलं सगळं बोला!"

"मनातलं राहू द्या. ते कुरकुरणारं स्टूल कुणी केलंय?"

"बाजारातून आणलंय."

"ऐकू येतंय. सांधे खिळखिळे झालेत. आपटाल एखाद दिवशी."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, काका."

"श्वास सोडून तुम्हाला कळतं तरी काय?"

कडी निघाली. ताईंच्या प्रवचनाने जे साधले नाही ते माझ्या कुरकुरीने साधले, असे म्हणणे अहंकाराचे ठरेल. म्हणून एकदाच म्हणतो.

काकांनी मला उलटे केले आणि हत्यारांची पेटी उघडली. ताईंची नजर त्यांच्या हातांवर खिळली. "भिऊ नका, नुसती हातोडी आहे," ते म्हणाले आणि सांध्यांत लाकडी पाचरी ठोकू लागले. लेकीने आणलेला चहाही घेतला. डॉक्टर आले तेव्हा तीन पाय घट्ट झाले होते. डॉक्टर उभ्यानेच बोलू लागले, तशी ताईंनी बाही ओढून त्यांना जमिनीवर बसविले.

"मी इस्पितळात येणार नाही," काका म्हणाले.

"घरी औषध घ्याल? ताई रोज येतील," डॉक्टर म्हणाले.

काकांनी बराच वेळ हातोडी न्याहाळली. "घेईन."

"आणि चौथा पाय?" ताईंनी विचारले.

"दमलो आता. तो उद्या."

उद्याचे नाव बाबांच्या तोंडी लेकीने कित्येक दिवसांत ऐकले नव्हते.

तेव्हापासून माझा मुक्काम काकांच्या खोलीत आहे. ताई रोज येतात, जमिनीवर बसतात, पाय अवघडला म्हणून कण्हतात. काका औषध घेतात, मला हलवून पाहतात आणि म्हणतात, "घाई कसली? उद्या बघू."

देवा, तुझ्या चरणी एकच मागणे: मला एवढ्यात धडधाकट करू नकोस.