चुंबकी पट्ट्याचे बाराशे रुपये

मुलुंडच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर एक म्हातारी काठी टेकत आली. सुटाबुटातल्या चंद्रप्रकाशने तिच्या गुडघ्याला पट्टा बांधला आणि पाच मिनिटांत म्हातारी काठी टाकून तुरुतुरु चालू लागली. लोक टाळ्या थांबवेनात.

"जपानी चुंबक आहे, मंडळी. रक्तातलं लोह ओढून जाग्यावर आणतो. बाराशेत दहा पट्टे घ्या, मेंबर व्हा. पुढे पाच मेंबर आणा, प्रत्येकामागे दोनशे तुमचे. वर्षभरात नोकरीला रामराम."

हे सन चौऱ्याऐंशीचं. आमच्या चाळीतल्या कमलने त्याच दिवशी बाराशे भरले. संपात नवऱ्याची गिरणीतली नोकरी गेली होती, ती पोळीभाजीचे डबे करून घर चालवायची. तिला तिथे नेलं होतं तिच्या नणंदेने, शेवंतीने.

दोन महिन्यांत एक पट्टा खपला नाही. कमल माझ्याकडे आली. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायचे.

"नीलाताई, मी दिसले की बायका दार लोटून घेतात."

मी पट्टा टाचण्यांच्या डबीवर धरला. एकही टाचणी हलली नाही. शिवण उसवली, तर आत पत्र्याची चकती.

"आणि मेंबरांचं म्हणशील, तर पाचाचे पंचवीस, मग सव्वाशे. दहाव्या पायरीला अठ्ठ्याण्णव लाख माणसं लागतील. आख्ख्या मुंबईत तेवढी नाहीत. खालच्यांचेच पैसे वरच्यांना मिळतात, दुसरं काही नाही."

"पण ती म्हातारी चालली ना?"

पुढच्या रविवारी आम्ही दोघी चंद्रप्रकाशच्या घाटकोपरच्या सभेला गेलो. तीच म्हातारी पुन्हा लंगडत आली. पडद्याआडून तिच्या हातात काठी देत होती शेवंती.

कमल सरळ आत गेली. "वन्सं, तुम्हाला ठाऊक होतं?"

शेवंतीने मान वर केली नाही. "माझेपण बाराशे अडकले होते गं. तू आलीस म्हणून दोनशे तरी सुटले."

कमल माझ्या हातातली टाचण्यांची डबी घेऊन स्टेजवर चढली.

"साहेब, एक टाचणी उचलून दाखवा."

चंद्रप्रकाश हसला, माल डेमोचा आहे म्हणाला. तिने दुसरा पट्टा मागितला, मग तिसरा. एकानेही टाचणी उचलली नाही. मी उठून सांगितलं, की अशा साखळी योजनांना अठ्ठ्याहत्तरच्या कायद्याने बंदी आहे आणि पोलीस चौकी समोरच आहे. मागून माणसं पावत्या काढून पुढे सरकू लागली.

कमलला हजार परत मिळाले. दोनशे त्याने शेवंतीचं कमिशन म्हणून कापले. ते तिने नणंदेकडे कधी मागितले नाहीत. त्या वर्षी भाऊबीजेला मात्र नवऱ्याला एकट्यालाच पाठवलं.

म्हणून सांगते, पैसे देण्याआधी वस्तू तपासा, आकडे मांडा, आणि हे पैसे येणार कुठून ते विचारा. कमलने हे विचारलं नव्हतं, कारण सांगणारी घरातली होती.