जाईबाईचा तास

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि मीरा रोडच्या हाटकेश भागातली एक सोसायटी डोळ्यांसमोर आणा. तिथे एक बँक आहे. तिच्यात पैसे नसतात, माणसांचे तास असतात. कुणाचं तासभर काम केलं की तो आपल्या नावाची चिठ्ठी देतो. ती देऊन सोसायटीतल्या कुणाकडूनही तासभर काम करून घ्यायचं.

बँक काढली सोसायटीतल्या धर्माजीआजोबांनी. पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत विल्यम ग्रीन नावाचे गृहस्थ होते. आधी सैनिक, मग धर्मोपदेशक. लोकांनी एकमेकांना जामीन राहून आपली बँक आपणच चालवावी, असं ते सांगत. ती त्यांना कधी काढता आली नाही. आजोबांना त्याची हळहळ वाटायची, म्हणून त्यांनी ही तासांची बँक काढली.

सोसायटीत लेकीकडे राहायला आलेल्या जाईबाईला तिथल्याच शाळकरी संचिताने तासभर मोबाइल शिकवला. जाईबाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिने चिठ्ठीवर मासा काढला. संचिताला तिच्याकडून जाळं विणायला शिकायचं होतं. पण चार गाठी झाल्या आणि जाईबाई पालीला, समुद्राकाठच्या आपल्या गावी, परतली. समुद्राच्या आवाजाशिवाय तिला झोप येईना.

फोनवर ती म्हणायची, "पोरी, तुझा तास माझ्याकडं ऱ्हायला हाय."

पण फोनवरून गाठ कशी शिकणार? अर्धं जाळं खिडकीला लटकत राहिलं आणि चिठ्ठी कंपासपेटीत.

"काय गं, चिठ्ठीचं लोणचं घालतेस?" शेजारचा नीरजकाका चिडवायचा. "दे मला. सायकल शिकवतो."

"मला जाईआजीचाच तास हवाय."

धर्माजीआजोबांनी तिला जवळ बसवलं. "बाळ, चिठ्ठी जपून ठेवलीस म्हणून जाईबाई येणार आहे का? ती दुसऱ्याला दिलीस, तर त्याच्याकडून तुला हवं ते काम मागता येईल."

"हवं ते?"

"त्याला जमेल ते."

"आणि चिठ्ठी परत मिळेल?"

"नाही. ती त्याची होणार."

संचिताने कंपासपेटीतून चिठ्ठी काढली आणि त्या वाकड्या माशावरून बोट फिरवलं. जाईबाईच्या हातचं तिच्याकडे तेवढंच होतं.

मग ती उठली. नीरजकाका खाली स्कूटर पुसत होता. तिने चिठ्ठी त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "काका, मला सायकल नको. रविवारी पालीला सोडा."

आणि त्याचं 'हो' ऐकताच ती आईला विचारायला जिना चढून गेली.