आठ प्लॉट आणि एक चिंधी

शिंपी मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांचं कापड कापलं आणि साठी उलटल्यावर त्यांना जमीन कापायची हुक्की आली. वस्तीच्या कडेला पाऊण एकराचा तुकडा विकायला निघाला होता. तो घ्यायचा, त्यात रस्ता काढायचा, प्लॉट पाडून विकायचे आणि म्हातारपणी पाय पसरून बसायचं, असा बेत. त्यापायी त्यांनी दुकान विकलं आणि आलेले बारा लाख विसार म्हणून जमीनमालकाच्या हातावर ठेवले. शुक्रवारपर्यंत बँकेचं कर्जाचं पत्र आणलं नाही, तर विसार बुडणार होता. मास्तरीणबाईंना हे सगळं पैसे देऊन झाल्यावर कळलं. त्या आठवड्यात घरातली भांडी जरा जोरातच आदळत होती.

हिशेब तसा सरळ होता. जमीन साठ लाख. रस्ता, गटार, पाणी, वीज मिळून बावीस. मोजणी आणि मंजुरी पाच, व्याज सात, आणि न सांगता उपटणाऱ्या खर्चांसाठी सहा. बेरीज बरोब्बर शंभर. मोजणीदाराने नकाशात आठ प्लॉट पाडून दिले होते आणि त्या बाजूला एका प्लॉटला साडेबारा लाख भाव होता. आठ साडेबारा शंभर. म्हणजे वर्षभर उन्हात उभं राहायचं आणि शेवटी हात हलवत घरी यायचं.

"मोजणीदाराने कापड वाया घालवलंय," मास्तर म्हणाले.

त्यांनी खाकी कागदावर जमीन आखली, पुठ्ठ्याचे प्लॉट कापले आणि जुन्या कटिंगच्या टेबलावर मांडामांड सुरू केली. इथे हयात गेली होती. पाठ इकडे, बाही तिकडे, खिसा उलटा करून कोपऱ्यात. मीटरभर कापडात सव्वा मीटरचं काम काढणारा हात तो. दुपारपर्यंत मागच्या कोपऱ्यात, दोन प्लॉटांच्या पाठीशी, नववा तुकडा फिट्ट बसला. मास्तरांनी कात्री खाली ठेवली आणि स्वतःवरच खूश होऊन दोन कप चहा प्यायला. आठ प्लॉट खर्चाचे, नववा आपला!

मोजणीदाराला दाखवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. कागदाची गुंडाळी काखेत मारून ते बुधवारी थेट बँकेत गेले. कर्जखात्यातल्या मॅडमनी आकडे तपासले आणि मान हलवली.

"खर्चावर किमान दहा टक्के सुटले पाहिजेत. तुमचे साडेबारा सुटतात. छान." मग त्यांनी पेनाचं टोक नवव्या प्लॉटवर ठेवलं. "फक्त एक सांगा, काका. या प्लॉटवर माणूस जाणार कुठून?"

मास्तर वाकले. त्यांनी कागद फिरवून पाहिला, चष्मा पुसून पाहिला. पुढे दोन प्लॉट, बाजूला एक, मागे परक्याची भिंत. बाहीच्या तुकड्याला रस्ता लागत नाही. प्लॉटला लागतो. उभ्या आयुष्यात त्यांच्या कापडाने कधी कुठे जायची मागणी केली नव्हती.

"असा तुकडा एकट्याने मंजूर होत नाही," मॅडम समजुतीने म्हणाल्या. "मागच्या शेजाऱ्याने विकत घेऊन आपल्या जागेला जोडला, तरच. त्याचे निदान दहा लाख आले तर माझी सही आहे. शुक्रवारी बाराच्या आत या."

मागचे शेजारी म्हणजे दातांचे डॉक्टर. हे नाव कानावर पडताच मास्तरांची पाचावर धारण बसली. पंचवीस वर्षं डॉक्टरांचे सगळे सूट मास्तरांनी शिवले होते, आणि दर वेळी सूट घेताना डॉक्टरांचा एकच प्रश्न असायचा: "कापड किती उरलं?" मास्तर सांगायचे, एक चिंधी उरली नाही. डॉक्टर टेबलाखाली वाकून बघायचे. असा माणूस आणि दहा लाख!

मास्तरांनी घरी येऊन सगळं कबूल केलं. रडू यायचंच काय ते बाकी होतं. मास्तरीणबाईंनी ऐकून घेतलं, आणि त्या चिडायच्या ऐवजी हसायला लागल्या, तेव्हा मास्तरांना जास्तच भीती वाटली.

"त्यांना विकायला गेलात तर एक लाख देतील," त्या म्हणाल्या. "द्यायचं नाही म्हणा. मग बघा. आणि तुम्ही तोंड उघडू नका, तुमचं तोंड आरशासारखं आहे."

गुरुवारी सकाळी, मालकाला विचारून, दोघं जमिनीवर गेली. डॉक्टरांची मागची भिंत बुटकी होती, तिला एक फाटक होतं आणि फाटकाच्या अलीकडे, म्हणजे मास्तरांच्या नवव्या प्लॉटवर, डॉक्टरांची दोन लिंबाची झाडं आणि एक झोपाळा कधीपासून सुखाने नांदत होते. मास्तरीणबाईंनी शिवणाची टेप काढली, भिंतीला टेकवली आणि मास्तरांना चुन्याची रेघ मारायला लावली. रेघ झोपाळ्याच्या पलीकडून, भिंतीला अगदी चिकटून गेली.

डॉक्टर पायजम्यावरच धावत आले. पायजमा मास्तरांच्याच हातचा होता.

"हे काय चाललंय?"

"भिंत घालतोय, डॉक्टर," मास्तरीणबाई म्हणाल्या. "झोपाळा सावकाश काढून घ्या हो. घाई नाही, सोमवारपर्यंत."

"आणि या जागेचं काय करणार?"

"काही नाही. उरलेला तुकडा आहे. ठेवू आम्हालाच."

डॉक्टरांनी कान टवकारले. "उरलेला?"

"विकायचा नाहीये," मास्तरीणबाई टेप गुंडाळत म्हणाल्या.

बस, तिथेच मासा गळाला लागला. विकायचा का नाही, विकायला काय झालं, शेजारी म्हणून पहिला हक्क कोणाचा, असं करत डॉक्टर फाटकातून अर्धे बाहेर आले. त्यांनी चार लाख म्हटलं. मग सहा. मास्तर चुन्याच्या डब्यात डोकं घालून उभे होते. आठ. झोपाळ्याकडे एकदा बघून डॉक्टर दहा म्हणाले, आणि मास्तरांचं डोकं हो म्हणायला वर आलं. मास्तरीणबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"ह्यांचं मन नाही हो," त्या म्हणाल्या.

"अकरा! आणि आज संध्याकाळी चेक घेऊन येतो. आता नाही म्हणू नका, वहिनी."

संध्याकाळी डॉक्टर खरोखर आले. बाहेरच्या खोलीत त्यांना चांगली खुर्ची दिली, पुढे कराराचा कागद ठेवला. त्यांनी सही केली, चेक लिहिला, फाडला, टेबलावर ठेवला, आणि त्यावर हात ठेवून आरामात मागे रेलले. पाठीला उशी टोचली म्हणून त्यांनी ती पुढे ओढली.

मास्तरीणबाई चटकन खुर्चीच्या मागे सरकल्या. उशीची खोळ तुकड्यातुकड्यांची होती. करडा, निळा, चौकडी, राखाडी रेघांचा. पंचवीस वर्षांचे तुकडे.

डॉक्टर अंगठ्याने एकेक तुकडा चाचपू लागले. राखाडी रेघांवर अंगठा थांबला.

"मास्तर, हा माझ्या मुलीच्या लग्नातला सूट."

चेक अजून डॉक्टरांच्या तळहाताखाली होता.

"तेव्हा तुम्ही म्हणाला होता, एक चिंधी उरली नाही. मी विचारलं होतं. उरलं होतं ना?"

मास्तरीणबाई डॉक्टरांच्या मागे उभ्या राहून डोळ्यांनी, भुवयांनी, अख्ख्या मानेने नाही, नाही, नाही सांगत होत्या. मास्तरांना सगळं दिसत होतं. दुकान गेलेलं होतं, विसार जायच्या बेतात होता आणि एक नाही म्हटलं की काम होत होतं; पंचवीस वर्षं म्हटलंच होतं. पण त्यांना खरोखरच लाज वाटली, आणि त्यांचं तोंड आरशासारखंच होतं.

"उरलं होतं," ते म्हणाले. "दर वेळी उरायचं, डॉक्टर."

डॉक्टर ताडकन उठले. मास्तरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा चेक टेबलावरच होता, आणि डॉक्टर उशी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून खिडकीतून खाली ओरडत होते, जिथे गाडीत त्यांची बायको बसली होती.

"अगं ऐकलंस का? उरायचं! दर वेळी उरायचं! पंचवीस वर्षं मला संशयी म्हणत होतीस ना?"

खालून काय उत्तर आलं ते ऐकायला ते थांबले नाहीत. मास्तरांचा हात धरून त्यांनी तो गदागदा हलवला, झोपाळा मिळाल्यावरसुद्धा झाला नव्हता एवढा आनंद त्यांच्या तोंडावर होता, आणि उशी काखेत मारून ते जिन्याकडे धावले.

मास्तर मटकन खाली बसले. मास्तरीणबाईंनी आधी चेक उचलून डब्यात टाकला, झाकण दाबलं, आणि मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली.

"डॉक्टर! खोळ तुमची, पण कापूस आमचा आहे हो!"