सुजवेलीचा पाला

किडे मरायला तयार नव्हते. काचेच्या ताटलीत, कोमट खारट पाण्यात ते पांढरे दोरे सकाळपासून वळवळत होते आणि नसरीन घड्याळ समोर ठेवून त्यांच्याकडे टक लावून बसली होती. दोन वर्षांपूर्वी याच पिवळ्या स्फटिकांनी असले किडे वीस मिनिटांत आडवे केले होते. आज चार तास झाले, तरी एकाचीही वळवळ थांबली नाही. उलट जास्तच रंगात आल्यासारखे दिसत होते.

हे किडे म्हशीच्या पोटातले. माणसाला हत्तीपाय करणारा किडा प्रयोगशाळेत सहजासहजी पाळता येत नाही, म्हणून त्याचा म्हशीतला चुलतभाऊ वापरायचा, अशी या धंद्यातली रीत आहे. नसरीनचे मामू, हाफिज, यवतमाळच्या कत्तलखान्यात कामाला होते. जनावर फाडलं की पोटाच्या पोकळीतून ते हे दोरे वेचून मिठाच्या कोमट पाण्याच्या थर्मासमध्ये टाकायचे आणि भाची तो थर्मास छातीशी धरून ऑटोने कॉलेजात आणायची. मोहल्ल्यात सगळ्यांना वाटायचं, पोरगी मामूकडून खिमा नेते. एम.एस्सी.ला पहिली आलेली आपली भाची रोज किडे नेते, हे सांगायची मामूंना लाज वाटायची. त्यामुळे कोणी विचारलं तर तेही खिमाच म्हणायचे.

आता एवढा आटापिटा कशासाठी, तर हत्तीपायाला धड औषध नाही म्हणून. सरकारी गोळी वर्षातून एकदा गावात येते. ती रक्तातली पिल्लं मारते, पण आत ठाण मांडून बसलेल्या मोठ्या किड्यापुढे तिचं फारसं चालत नाही. मोठ्या कंपन्यांनी या रोगात कधी मन घातलं नाही, कारण हा रोग होतो तो डबक्याशेजारी राहणाऱ्याला, आणि डबक्याशेजारी राहणारं गिऱ्हाईक कोणाला हवंय? टकलावर केस उगवायला मात्र शास्त्रज्ञांच्या फौजा लागल्या आहेत. हे सगळं नसरीनला माहीत होतं आणि या गोष्टीची तिला मनापासून चीड होती.

सुजवेल तिला दाखवली मथुराबाईंनी. कळंबजवळच्या एका खेड्यातली ही पन्नाशीची मजूर बाई, डावा पाय गुडघ्याखाली उखळासारखा सुजलेला. तपासणीच्या पथकाबरोबर नसरीन त्या गावात गेली होती, तेव्हा मथुराबाई म्हणाल्या होत्या, "आमच्या इकडं सुजीवर सुजवेलीचा पाला लावतेत. टेकडीवर भेटते. पाहिजे का तुमाले?" नसरीननं सहज मागवला. पाल्याच्या अर्कात किडे पटापट मेले. मग काय विचारता! दर पंधरा दिवसांनी मथुराबाईंचं पोतं एसटीच्या टपावरून यवतमाळला येऊ लागलं. नसरीननं अर्काचे भाग पाडले, त्यातून पिवळे स्फटिक काढले, त्यांनीही किडे मारले. दिल्लीच्या एका संस्थेनं तीन वर्षांचं अनुदान दिलं. दीड वर्षानंतर प्रगती बघून पुढचं, अशी अट होती.

गाडी अडली ती इथून पुढे. सापडलेला रेणू जसाच्या तसा औषध होत नसतो. त्याचा एखादा तुकडा काढायचा, दुसरा जोडायचा, आणि नवा जास्त चांगला मारतो का ते बघायचं. नसरीननं असे अकरा नवे रेणू बनवले. एकानंही एक किडा मारला नाही. जितकं शुद्ध करावं तितकं निकामी व्हायचं. ती आपल्याच हातांना दोष देत राहिली. मग मथुराबाई तापानं पडल्या आणि पुढचा पाला वनखात्याच्या खेमसिंगनं थेट टेकडीवरून आणून दिला. त्यातूनही तेच स्फटिक निघाले, तोच रंग, तोच वितळणबिंदू, आलेखावर रेघेला रेघ जुळत होती. आणि आज तेच ताटलीत होते, आणि किडे मजेत पोहत होते.

तेव्हा तिला पहिल्यांदा नको तो संशय आला. पहिल्या पोत्यांचा जुना अर्क फ्रीजमध्ये होता. त्यातला थोडा तिनं नागपूरच्या एका मोठ्या यंत्रावर तपासायला पाठवला.

कागद तीन आठवड्यांनी आला. त्यावर एक उंच शिखर होतं आणि शेजारी नाव होतं, मोनोक्रोटोफॉस. यवतमाळ जिल्ह्यात हे नाव समजावून सांगावं लागत नाही. कपाशीवर फवारायचं 'मोनो' ते हेच. प्रत्येक कृषी केंद्राच्या फळीवर त्याच्या बाटल्या ओळीनं उभ्या असतात. सुजवेलीनं उभ्या जन्मात एक किडा मारला नव्हता. मारले होते ते पाल्यावर बसलेल्या फवाऱ्यानं, आणि नसरीन जसजसा तो धुऊन काढत गेली तसतसे किडे वाचत गेले. पाच वर्षांच्या कष्टांवर पाणी फिरलं होतं. ती प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली आणि ढसाढसा रडली.

तिचे गाईड भावसिंग राठोड सर. त्यांनी कागद वाचला, मागून कोरा होता तरी उलटा करून पाहिला.

"टेकडीवर कोण मोनो फवारतं?" ते म्हणाले. "बाईनं फसवलं आपल्याला. रिपोर्टात सरळ लिही, पाला आणणाऱ्या बाईनं जागा खोटी सांगितली. आपल्या डोक्यावर खापर कशाला?"

"आणि सर, पुढचं काम?"

"पुढचं कसलं काम? दिल्लीवाले आता दारात उभं करणार नाहीत. खरं सांगू का नसरीन, सध्या सगळ्यांची तोंडं कपाशीकडे आहेत. शेतकऱ्यांसाठी सरकारचं पॅकेज आलंय, टीव्हीवाले येऊन राह्यले, मंत्री येऊन राह्यले. फवारणीचं विष झाडाझुडपांत किती उतरतं, यावर मी प्रस्ताव टाकतोय. हा तुझा कागद त्यात पहिल्या पानावर लावू. वाया काहीच जात नाही."

सर वाईट माणूस नव्हते. तांड्यावरून शिकून वर आलेला माणूस, हात रिकामे ठेवून बसायचं त्यांना माहीतच नव्हतं. पण ते ऐकताना नसरीनच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि तो सगळा राग तिनं मथुराबाईंवर काढायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती कळंबला गेली आणि तिथून काळीपिवळी जीपनं गावाच्या फाट्यावर उतरली. काय काय बोलायचं ते तिनं वाटेत घोकून ठेवलं होतं.

भादव्याचे दिवस. दोन्ही बाजूंना कंबरेएवढी कपाशी, आणि एक माणूस पाठीवर पंप घेऊन, तोंडाला दुपट्टा बांधून ओळीओळीनं फवारत चाललेला. उग्र वास नाकात शिरत होता. वारा सुटला की फवारा शेताच्या बांधावर, इकडच्या भाषेत धुऱ्यावर, जायचा, आणि धुऱ्याच्या काटेरी कुंपणावर, मथुराबाईंच्या दारापासून वीस पावलांवर, हिरवीगार सुजवेल पसरली होती. नसरीन तिथंच थबकली. आता विचारायचं फारसं काही राहिलं नव्हतं.

तरी तिनं विचारलं. मथुराबाई ओसरीवर पाय लांब करून बसल्या होत्या. "मावशी, पाला कुठून आणत होत्या तुम्ही?"

"टेकडीवरून त," मथुराबाई म्हणाल्या. मग त्यांनी मान खाली घातली. "आदी मी टेकडीवरूनच आनत होतो बेटा, तुही शपत. तुमी मागतला तवा पाय असा फुगला होता का चढनंच होये ना. तुमाले त दर पंधरा दिवसाले पाहिजे होता. वेल तेच हाय न? टेकडीवर तेच, धुऱ्यावर तेच. म्हटलं, कायले सांगा."

हत्तीपायाचं औषध शोधायला निघालेल्यांना हत्तीपायानंच चकवलं होतं. बाईला टेकडी चढता आली नाही, एवढीच काय ती फसवणूक. आणि नसरीननं प्रयोगशाळेच्या वहीत, आपल्या सुबक अक्षरात, प्रत्येक पोत्यापुढे 'टेकडी, ता. कळंब' असं लिहिलं होतं. ती टेकडी तिनं अजूनही पाहिली नव्हती. यवतमाळहून दीड तासाचा रस्ता, पण पोतं घरपोच येत होतं, मग कोण जातंय? रिपोर्टात काय लिहायचं ते तिनं त्या ओसरीवरच ठरवलं. जागा मी पाहिली नव्हती, असं लिहायचं. घोकून आणलेलं बोलणं तिनं सोडून दिलं.

मथुराबाईंची सून प्रियंका चहा घेऊन बाहेर आली. सातवा महिना, चेहरा उतरलेला, बशी धरलेला हात थरथरत होता. चहा ठेवून ती दाराशी टेकली आणि स्टीलच्या पेल्यातलं काहीतरी हिरवट पिऊ लागली.

"काय पिते ही?"

"काढा हाय," मथुराबाई खुशीनं म्हणाल्या. निदान या एका गोष्टीत आपली चूक नाही, असं त्यांना वाटलं असावं. "सुजवेलीचा. तुमीच त दिवाळीले सांगतलं होतं का पाल्यानं किडे मरून राह्यले. तवापासून रोज घेतो मी. हिले दिवस राह्यले तवापासून हिलेबी देतो. म्हटलं लेकराले माह्यासारखा पाय नको."

"धुऊन घेता ना पाला?"

"नाई बाप्पा! तुमीच सांगतलं होतं, पाला धुवाचा नाही."

सांगितलं होतं. ओला पाला पोत्यात भरला की बुरशी धरतो, म्हणून सांगितलं होतं. कारण सांगायची गरज तिला तेव्हा वाटली नव्हती. नसरीननं उठून प्रियंकाच्या हातातला पेला हिसकावला आणि अंगणात ओतून टाकला. पोरगी घाबरून भिंतीला चिकटली.

मग नसरीननं सगळं सांगितलं, एकही गोष्ट झाकून न ठेवता. पाल्यावर मोनो बसतं, किडे मोनोनं मेले, हा काढा आजपासून बंद, आणि उद्या सकाळी ती स्वतः प्रियंकाला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जाणार.

"मले उलट्या होऊन राह्यल्या, हात कापून राह्यले, त डॉक्टर म्हने पोटुशीपनाची कमजोरी हाय," प्रियंका हळूच म्हणाली. "मॅडम, लेकराले काही झालं त नसन न?"

त्या पिवळ्या स्फटिकांबद्दल नसरीनला सगळं तोंडपाठ होतं. हे मात्र तिला माहीत नव्हतं. "उद्या दाखवू," एवढंच ती म्हणाली, आणि स्वतःची तिला शिसारी आली.

सुनेकडे बघवेना म्हणून मथुराबाई अंगणात सांडलेल्या काढ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग तुमचं औषध?"

"बंद होणार, मावशी."

"माह्यापायी?"

"तुमच्यापायी नाही. माझ्यापायी."

"पन बंद काहून?" मथुराबाई भिंतीला धरून उठू लागल्या. "धुऱ्यावरचा खराब निंगाला त निंगाला. मी टेकडीवरचा आनतो. आजच निंघतो. पाय ओढत गेलो त दिस मावळेलोक चढतो मी."

"टेकडीवरच्या पाल्यातही काही नाही, मावशी. खेमसिंगनं आणून दिला होता. तपासला मी. एक किडा मेला नाही."

"खेमसिंगले काय समजते? त्यानं दुसरीच वेल आनली असन."

"तीच होती. मी स्वतः पाहिली."

"तुमी त टेकडीबी नाही पाह्यली," मथुराबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, आपलं साधं सांगणं होतं. नसरीननं त्यांचा दंड धरला, पुन्हा एकदा सांगितलं, मग आणखी एकदा. मथुराबाईंनी ऐकून घेतलं. मग खुंटीवरचं रिकामं पोतं काढून झटकलं, खांद्यावर टाकलं आणि सुनेला विचारलं, "इळा कुठी ठेवला वं?"