तांब्यात कोरलेले नाव

मित्रांनो, कारखान्याच्या मालकांच्या केबिनमध्ये लाकडी चौकटीत, हाराखाली टांगलेली मी एक जुनी पीसीबी आहे. टीव्ही उघडला की आत जी हिरवी पाटी दिसते ना, तिच्याच जातीची. येणारे-जाणारे मला हात जोडतात. मला त्याचे काही सुख वाटत नाही. का, ते सांगते.

माझा जन्म सुप्याच्या एमआयडीसीतला. कांदे निवडायच्या यंत्रासाठी निकिता नावाच्या मुलीने माझा आराखडा काढला. पट्ट्यावरून कांदे पळायचे, कॅमेरा त्यांना टिपायचा आणि ते चित्र माझ्या अंगावरच्या बारीक रेघांवरून अतिशय वेगाने पुढे धावायचे. चांगला कांदा पुढे, सडका बाजूला. या रेघा माझ्या वरच्या अंगाला होत्या. पाठीला होता तांब्याचा अखंड पत्रा. त्याला ग्राउंड म्हणतात. मित्रांनो, जेवढी वीज जाते तेवढी परत यावी लागते, आणि वेगाची वीज आपल्या रेघेच्या बरोबर खालून परत येते. माझी पाठ म्हणजे तिची परतीची वाट होती.

कारखान्याचे मालक राधाकृष्ण शेठ यांना मात्र ती मोकळी दिसली.

"एवढं तांबं रिकामं पडलंय," ते म्हणाले. "इथं आमच्या वडिलांचं, दादांचं नाव कोरा. मोठं. रामहरी."

"सर, ते रिकामं नाही. सिग्नल तिथून परत येतो. नाव आपण वर पांढऱ्या शाईनं छापू."

"शाई उडते. दादांनी कांद्याच्या गोण्या पाठीवर वाहून हे उभं केलंय, त्यांचं नाव तांब्यातच पाहिजे. तुझा सिग्नल येईल की बाजूनं."

निकिता नवीन होती. तिने आराखडा बदलला. माझ्या पाठीवर रामहरी कोरले गेले. अक्षरांवरची ती लांब आडवी रेघ नेमकी कॅमेऱ्याच्या रेघांखालून गेली, आणि तेवढ्या लांबीचे तांबे कापले गेले.

टेबलावर चाचणी झाली तेव्हा चित्र स्वच्छ आले. पेढे वाटले. मग मला शेजारच्या शेडमध्ये, यंत्रात बसवले. पट्ट्याची मोटार सुरू झाली आणि माझे हाल सुरू झाले. परत येणाऱ्या विजेला कापलेल्या जागेभोवती लांब वळसा पडत होता. त्या वळशात मोटारीचा गोंगाट शिरे आणि चित्रावर काळे पट्टे उमटत. यंत्राला ती सड वाटे. चांगले, टिकाऊ गरवे कांदे उकिरड्यावर जाऊ लागले.

यंत्रापाशी मनकर्णा मावशी असायची. हाताने कांदा निवडण्यात तिचा जन्म गेलेला. यंत्र आल्यावर बाकीच्या बाया गेल्या, तिला तेवढी कॅमेऱ्याची काच पुसायला ठेवली होती. घरी नात, सृष्टी, आणि ही एकटी कमावणारी.

"मावशी, काच पुसता का नुसती बघता?" सुपरवायझर गोरक्षनाथने विचारले.

"पुसलीया बाबा. तुझ्या चष्म्यापरीस साफ हाय."

"मग हे काळे पट्टे कशाचे?"

"त्ये मला काय ठावं? पर कांदा चांगला हाय. चिरून बघ की."

त्याने चिरला नाही. पदराने पुसते, काच खराब करते, असे त्याने वर सांगितले. दुसऱ्या दिवसापासून मावशी आली नाही. तिचे पुसायचे फडके खिळ्याला तसेच लटकत राहिले. मला सगळे ठाऊक होते, पण पाटीला तोंड नसते.

पट्टे तर थांबले नाहीत. मग निकिताने मला बाहेर काढले, त्या आडव्या कापावर तांब्याची पट्टी डाख देऊन जोडली, मला परत बसवले आणि मोटार लावली. चित्र आरशासारखे आले.

शेठ बघतच राहिले. "दादांच्या नावावर ठिगळ मारलंस?"

"सर, दोष नाव कोरलेल्या जागेचा होता. मनकर्णा मावशींचा नव्हता."

"पुढच्या बोर्डांवर शाईनं छाप. पण बाहेर बोलायचं नाही. आणि मावशीचं आता उकरू नकोस, तिथं दुसरी बाई लावलीय."

माझ्या धाकट्या बहिणी अखंड पाठीच्या निघाल्या. माझे ठिगळ काढून, पाठ पुढे करून मला इथे टांगले.

यंदा दादांच्या पुण्यतिथीला मनकर्णा मावशी आली.

"शेठ, झाडलोटीचं काय काम असलं तर..."

"बघू मावशी. प्रसाद घेऊन जा."

वळताना तिला मी दिसले. नाव वाचता येण्याइतकी ती शिकली होती. तिने चपला काढल्या आणि मला हात जोडले.

"दादांनीच लावलं हुतं मला कामाला," ती गोरक्षनाथला म्हणाली. "देवमानूस."

गोरक्षनाथ प्रसादाच्या ताटाकडे बघत राहिला. निकिता दारातच उभी होती. ती तशीच मागे फिरली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काहीतरी घडवाल. रिकामी दिसणारी जागा कापण्याआधी तिथून कोण परत येते, एवढे विचारा. आणि विनाकारण घालवलेल्या माणसाला परत बोलवायला लाजू नका. तेवढे जमत नसेल, तर निदान माझा हार काढा. ओल्या फुलांनी माझे तांबे हिरवे पडू लागले आहे.