मेट्रन आत्या आणि बिडे

आत्यानं पाणी पिणं जवळजवळ सोडलंय, हे घरात सगळ्यात आधी वॉशरच्या लक्षात आलं.

वॉशर म्हणजे घरातली पंधरा वर्षांची एकुलती एक लेक. जन्मली तेव्हा इतकी गोल आणि इवलीशी होती की प्लंबर बाबा म्हणाले होते, "ही तर आपली वॉशर! दिसायला एवढीशी, पण नसली तर अख्खी लाइन गळेल." नाव चिकटलं ते चिकटलंच. लहानपणी तिला त्याचा भयंकर राग यायचा. पण या वर्षी तिनं शाळेच्या वादविवादात वरच्या वर्गातल्या तिघांना गप्प बसवलं, आणि तेव्हापासून जगातली कुठलीही गळती आपण थांबवू शकतो असं तिला मनापासून वाटायला लागलं होतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तीस वर्षं इस्पितळात मेट्रन होती. तिच्या बुटांचा आवाज आला की म्हणे मोठे मोठे डॉक्टरसुद्धा हात धुवायला पळायचे. दहा दिवसांपूर्वी बसमधून उतरताना ती पडली आणि उजवा हात मोडला. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर. डावा खांदा तर दोन वर्षांपासूनच आखडलेला. तो हात पुढे यायचा, बाजूला जायचा, पण मागे? नाव नको. एकटी राहणारी आत्या भावाकडे आली, तेव्हा बाबा म्हणाले, "ताई, आता इथेच राहा. कायमची." आत्या म्हणाली, "बघू."

आणि मग तिचं पाणी पिणं सुटलं. चहा अर्धा कप. जेवण चिमणीएवढं. दिवसातून एकदाच संडासात जायची आणि अर्ध्या तासानं बाहेर यायची ती लालबुंद होऊन, घामाघूम. तांब्यानं धुवायला दोन हात लागतात, म्हणून घरात कागदाचा रोल आणला होता, पण कागद जिथे पोचायला हवा तिथे आत्याचा एकही हात पोचत नव्हता. पाणी नाही प्यायलं तर जावंच लागणार नाही, असा तिचा साधा सरळ उपाय.

आईनं एकदा दबकत विचारलं, "ताई, मी मदत करू का? त्यात काय एवढं?"

"तीस वर्षं मी गावाची पुसली," आत्या म्हणाली. "माझी कुणी पुसायची नाही."

विषय संपला. निदान आईपुरता तरी.

शुक्रवारी संध्याकाळी आत्यानं बॉम्ब टाकला. गावाबाहेरच्या शुश्रूषाकेंद्रात तिनं खोली घेतली होती. "सोमवारी दहाला त्यांची गाडी येईल. आता तिथेच राहीन."

बाबांचा घास तोंडातच राहिला. "ताई, अगं घर असताना? आणि तिथे तरी कुणीतरी मदत करणारच ना तुला?"

"करतील. पगारी माणसं. त्यांच्यासमोर लाज वाटत नाही, कारण रात्री त्यांच्या शेजारी बसून जेवायचं नसतं."

 वॉशर मात्र उसळली.

"पण आत्या, कागद हवाच कशाला? पाणी आहे की! बाबांनी अर्ध्या गावात बिडे बसवलेत. सीटखाली पातळ पट्टी, तिला छोटीशी तोटी, बटण फिरवलं की खालून पाण्याची धार. हात लावायचाच नाही!"

"आणि आपल्या घरात एकही नाही," आई बाबांकडे बघत म्हणाली. "दिव्याखाली अंधार. जिन्याखाली बिडेचा नवाकोरा डबा वर्षभर धूळ खातोय."

"वेळ कुठे मिळतो," बाबा ताटाला म्हणाले.

वॉशर तोवर उठून बाबांच्या हत्यारांच्या पेटीतलं वंगण तळहाताला फासून आली होती. जेवणाच्या टेबलावर! तिनं कागद घेतला आणि खसाखसा पुसलं. काळा डाग मनगटापर्यंत पसरला. "बघ. हातावर हे चालेल का तुला? नाही ना? मग तिकडे का चालतं?"

"वंगण पाण्यानंही जात नाही," आत्या शांतपणे म्हणाली. "उदाहरण चुकलं. आणि मला शिकवू नकोस. पुसण्यापेक्षा धुणं बरं, हे मी तुझ्या बाबाला चड्डीत असताना सांगितलंय. पण तुझी ती तोटी असते कुठे? बरोबर खाली. तिच्यावर काय काय उडतं? ती कोण पुसतं? धार जोरात असली तर घाण मागची पुढे येते, मग बायकांना लघवीची जळजळ. आणि ओलं अंग तसंच कपड्यात कोंबलं की पुरळ. स्वच्छता म्हणजे नुसतं पाणी ओतणं नव्हे, बाई."

वादविवादात वॉशरला असं कुणी झोपवलं नव्हतं. पण तिनं एक गोष्ट टिपली. आत्या 'नको' म्हणाली नव्हती. ती अटी सांगत होती!

शनिवारी बाबा कामावर, आई दुकानात, आत्या वर्तमानपत्रामागे. वॉशरनं जिन्याखालचा डबा काढला. सुट्टीत बाबांबरोबर हिंडून हिंडून तिला सगळं पाठ होतं. आधी कॉक बंद. टाकी रिकामी. सीटचे नट सैल करून पट्टी खाली सरकवली. टाकीच्या नळीवर टी, म्हणजे पाण्याला दोन वाटा देणारा जोड, बसवला, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, पाना फिरवताना जीभ दातांत धरली. एकदा पाना निसटून गुडघ्यावर आला आणि तिनं असा एक शब्द उच्चारला की वर्तमानपत्र खाली झालं. तीन तास! मग कॉक उघडला. एक थेंब गळला नाही. तोटी वापर नसताना झाकणामागे आत सरकत होती, आणि धारेआधी स्वतःच धुतली जात होती. वॉशरला वाटलं, आता आपण वरच्या मजल्याइतक्या उंच झालो.

"आत्याऽऽ! ये! तपासणी!"

आत्या आली. तोटी बघितली, झाकण बघितलं, टेप लावलेले आटे बघितले. मान हलली, चक्क कौतुकानं. मग ती कमोडचं झाकण पाडून सीटवर बसली, आणि प्लास्टरमधला उजवा हात वर केला.

बटण उजवीकडे होतं.

डावा हात पोटावरून आडवा नेला तरी वीतभर कमी पडत होता. अख्ख्या घरात एकाच माणसासाठी बसवलेला बिडे त्या एका माणसाला सोडून सगळ्यांना वापरता येत होता.

"असू दे गं," आत्या म्हणाली. इतक्या मऊ आवाजात ती कधीच बोलायची नाही, आणि म्हणूनच वॉशरला रडू फुटलं.

बाबा आले तेव्हा ती संडासाच्या उंबऱ्यावर गुडघ्यात डोकं घालून बसली होती. बाबांनी वाकून जोड चाचपले. "टेप बरोबर. वॉशर बरोबर. गळत नाही. माझ्या पहिल्या कामापेक्षा चांगलं आहे." मग ते तिच्याशेजारी बसले. "मापं सगळी घेतलीस. फक्त बसणारीचं घ्यायचं राहिलं."

"डाव्या हाताचा मिळतो का?"

"मिळतो. मागवला तर पंधरा दिवसांनी."

सोमवार परवावर होता. वॉशरनं नाक पुसलं, आणि त्या टीकडे बघता बघता तिचं रडं एकदम थांबलं. "बाबा! बटण थोडंसंच उघडून तसंच ठेवलं तर? म्हणजे धार कायम हळू. आणि पाणी चालू-बंद करायला वेगळा व्हॉल्व्ह, डाव्या भिंतीवर. दांडीवाला. नुसता ढकलायचा!"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती आजच जन्मली. "माझ्या डोक्यात का नाही आलं हे?"

"कारण तुला वेळ कुठे मिळतो," दारातून आत्या म्हणाली. किती वेळ उभी होती कोण जाणे. "सरका दोघं. माप मी देते."

ती पुन्हा सीटवर बसली, डावा हात सहज बाजूला सोडला आणि भिंतीवर बोट टेकवलं. "इथे. आणखी खाली नको, खांदा ओढतो. दांडी पुढे ढकलली की चालू. दोन बोटं वर घे... हां."

वॉशरनं पेन्सिलनं खूण केली. बाबांनी भोकं पाडली, वॉशरनं नळी जोडली, आत्यानं डाव्या हातानं टॉर्च धरला आणि दोघांवर सारखीच ओरडली.

रविवारी सकाळी आत्यानं सगळ्यांसमोर दोन मोठे पेले पाणी प्यायलं, घटाघटा, कुस्तीला उतरल्यासारखं. तासाभरानं ती आत गेली. बाहेर अचानक सगळ्यांना पॅसेजमध्येच कामं निघाली. आई एकच टॉवेल चौथ्यांदा घडी करत होती. बाबा दिव्याचं बटण तपासत होते.

आत दांडी कटकन वाजली. सळसळ झाली. मग "अगंबाई!" आणि त्यानंतर, वॉशर शपथेवर सांगायला तयार आहे, चक्क हसण्याचा आवाज.

"दाराशी कोण उभं आहे?"

"कुणी नाही!" तिघं एकदम म्हणाले.

पाच मिनिटांत आत्या बाहेर आली. ना लालबुंद, ना घामाघूम. आल्या आल्या हुकूम सुटले. तोटी दर दोन दिवसांनी साबणानं पुसायची. धार आहे एवढीच ठेवायची. शेजारी मऊ फडक्यांचा गठ्ठा हवा, प्रत्येकाचं वेगळं, पुढून नुसतं टिपायचं, त्याला हात मागे न्यावा लागत नाही, आणि रोज धुवायला टाकायचं. "आणि हात लागला नाही म्हणून हात न धुता जो बाहेर येईल, त्याची गाठ माझ्याशी आहे."

"हो, आत्या," बाबासुद्धा म्हणाले.

"आणि हे बघ," ती बाबांकडे वळली. "पाणी आत्ताच एवढं गार लागतंय. थंडीत कसं व्हायचं? गरम पाण्याची लाइन कधी जोडतोस?"

थंडी यायला चांगले पाच महिने होते. बाबा बाहीनं डोळे पुसायला लागले. त्यांच्या वतीनं वॉशरच बोलली, पाना आधीच तिच्या हातात होता.

"पुढच्या शनिवारी, आत्या. पण त्या शुश्रूषाकेंद्राला फोन तू कर हं. मला ओरडताना तुझ्यासारखा आवाज लागत नाही."