एकोणीस वेळा घेतलेलं मशीन

"सगळ्या पावत्यांवर एकच नंबर कसा?" मी विचारलं.

शिलाई मशीनच्या दुकानाचे मालक, ज्यांना अख्खी गल्ली मास्तर म्हणायची, चष्मा पुसत होते. तो डोळ्यांवर चढवून म्हणाले, "मशीन एकच आहे म्हणून."

मी कंपनीचा तपासनीस. छापील किमतीपेक्षा कुणी कमी घेतं का, एवढंच बघत गावोगाव हिंडायचो. एकाने सूट दिली की शेजारचा ओरडतो आणि दोघंही दुसऱ्या कंपनीचा माल पुढे मांडतात. म्हणून सूट देणाऱ्याचा माल बंद. सवलत एकच होती: गिऱ्हाइकाने जुनं मशीन दिलं तर किमतीचा पाचवा हिस्सा कमी करता यायचा. पावत्यांप्रमाणे मास्तरांनी वर्षभरात अशी एकोणीस जुनी मशीनं घेतली होती. मागच्या खोलीत मात्र एकच गंजका सांगाडा होता.

पहिलंवहिलं मशीन घ्यायला येणाऱ्या बाईकडे जुनं कुठून असणार, असं मास्तरांचं म्हणणं. सूट त्यांच्याच नफ्यातून जात होती, कंपनीचं काही बुडत नव्हतं. हे मलाही कळत होतं, पण मला पगार कळण्याचा मिळत नव्हता.

"निदान नंबर तरी वेगवेगळे टाकायचे," मी वैतागून म्हणालो.

"खोटं कशाला लिहू? आधी मी ते मशीन त्यांना देतो, मग त्यांच्याकडून घेतो."

मी कपाळावर हात मारला. तीस वर्षांचं दुकान, त्यात आमच्या मालाशिवाय दुसरं काही नाही. माल बंद म्हणजे दुकानाला कुलूप. मला दया आली. आजपासून छापील किंमतच घ्या, मग मी काही पाहिलेलं नाही, असं सांगितलं. मास्तर हो म्हणाले. एका माणसाला वाचवलं म्हणून मी स्वतःवरच खूश झालो.

तेवढ्यात एक बाई आल्या. मास्तरांनी सवयीने मशीन पुढे ओढलं, दोरा ओवला, चालवून बघायला एक चिंधी दिली. बाईंनी सरळसोट टीप मारली, हसल्या आणि किंमत विचारली. मास्तरांनी छापील आकडा सांगितला.

"माझ्या जावेला तर कमीत दिलं होतंत, मास्तर. मी तेवढेच आणलेत."

पावत्यांचा गठ्ठा माझ्या हाताखाली होता. जावेची त्यातच असणार.

"तिची काहीतरी चूक होतेय, ताई," मास्तर म्हणाले. "मी कधीच कमी घेत नाही."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. वाद घातला नाही. पिशवी काखेत धरून त्या पायऱ्या उतरल्या.

मला शरम वाटली. मास्तरांनी चिंधी उचलली आणि बाईंनी मारलेली टीप एकेक टाका करत उसवू लागले. मी निघतो म्हणालो, तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही.